फिल्टर घेण्याआधी पाणी ओळखा

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरातली माणसं हातापायांतली ताकद अचानक जाऊन दवाखान्यात भरती होऊ लागली. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला ही नावं रोज वर्तमानपत्रांत येत होती. आजार होता गिया बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. जंतूंशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, तो हा आजार. राज्यातल्या संशयित आणि निश्चित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काहींना व्हेंटिलेटर लावावा लागला, काही दगावले. रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले गेले, तेव्हा काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि काहींत नोरोव्हायरस हा विषाणू सापडला. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांतल्या एकालाच पुढे जीबीएस होतो, असं वैद्यकशास्त्र सांगतं. बाकीचे चार दिवस जुलाबाने हैराण होतात आणि बरे होतात. त्यांची कुठे बातमी होत नाही.

या साथीतली एक गोष्ट मात्र पुरेशी चर्चिली गेली नाही. नळाच्या पाण्यावर भरवसा नव्हता म्हणून अनेक घरं खासगी आरओ प्रकल्पांतून जार भरून आणत होती. महापालिकेने त्या प्रकल्पांचं पाणी तपासलं, तर काहींच्या पाण्यातही जंतू निघाले आणि त्यांना टाळं लागलं. आरओमधून आलेलं पाणी, पैसे मोजून घेतलेलं पाणी, आणि तरीही दूषित. हे कसं घडू शकतं ते समजून घेतलं, तर घरी कोणता फिल्टर लावायचा हा प्रश्न बराच सोपा होतो.

घोळ सुरू होतो टीडीएसपासून. फिल्टर विकायला आलेला माणूस खिशातून पेनासारखं मीटर काढतो, तुमच्या नळाच्या पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. समजा ३८०. मग आपल्या यंत्रातलं पाणी मोजतो, तिथे येतात ४०. घरातल्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते आणि व्यवहार ठरतो. पण ते मीटर मोजतं पाण्यात विरघळलेले क्षार: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम वगैरे. जिवाणू पाण्यात विरघळत नाहीत आणि या मीटरला ते दिसतही नाहीत. सांडपाणी मिसळलेलं पाणी आणि चांगल्या विहिरीचं पाणी, दोन्हींचा टीडीएस एकच भरू शकतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चालतात, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत. जंतूंबाबत तेच मानक वेगळ्याच भाषेत बोलतं: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

याच्याही पुढचा एक प्रयोग अजून घरोघर केला जातो. दोन ग्लासांत धातूच्या कांड्या सोडून वीज जोडतात. नळाच्या पाण्याचा ग्लास दोन मिनिटांत तपकिरी-हिरवा होतो, वर गाळाचा थर येतो. आरओचं पाणी जसंच्या तसं राहतं. बघणारा हादरतो. तो गाळ पाण्यातला नसतोच, लोखंडाच्या कांडीतून सुटलेला असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून वीजही जवळजवळ वाहत नाही. हा प्रयोग ही शुद्ध फसवणूक आहे. तुमच्या घरात कोणी तो करायला लागलं तर त्याला तिथेच थांबवा.

खरा प्रश्न जंतूंच्या आकाराचा आणि जगण्या-मरण्याचा आहे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. जिआर्डिया या आतड्यांत राहणाऱ्या परजीवीचा कवचबंद कोष दहाएक मायक्रॉनचा. ई. कोलाय, टायफॉइडचा जिवाणू, पटकीचा जिवाणू हे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास रुंद आणि दोन-तीन मायक्रॉन लांब. कावीळ करणारे विषाणू तर ०.०३ मायक्रॉनचे. फिल्टर निवडताना हे तीन गट डोक्यात ठेवायचे, कारण एकाला अडवणारी वस्तू दुसऱ्याला सोडून देते.

हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळायची आपली जुनी रीत घ्या. रिटा कोलवेल या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांत ती तपासून पाहिली. तळ्यांचं आणि नद्यांचं पाणी बायकांनी सुती साडीच्या किमान चार पदरी घडीतून गाळायचं, एवढंच. २००३ साली निष्कर्ष छापून आले: पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले होते. पटकीचा जिवाणू कापडातून आरामात निसटेल इतका बारीक असतो. पण अशा पाण्यात तो कोपेपॉड नावाच्या बारीक कवचवाल्या जीवांना चिकटून राहतो, आणि ते जीव कापडात अडकतात. नव्या साडीपेक्षा जुनेर सरस ठरलं, कारण धुऊन धुऊन सूत फुलतं आणि छिद्रं लहान होतात. नारूचा रोग देशातून गेला त्यातही पाणी गाळून पिण्याचा वाटा मोठा. पण पाण्यात मोकळे फिरणारे जिवाणू कापडाला अडवता येत नाहीत. तुरटीचंही तसंच. तुरटी फिरवली की गढूळपणा तळाला बसतो, त्याबरोबर काही जंतूही बसतात, पण उरलेले जिवंतच असतात. निवळलेलं पाणी हे पुढच्या कामासाठी तयार झालेलं पाणी, पिण्यासाठी नव्हे.

स्टीलच्या दुमजली फिल्टरमधली पांढरी कँडल आपल्याकडे घरोघर होती, अजूनही आहे. तिचं घराणं थेट पाश्चरच्या प्रयोगशाळेत जातं. चार्ल्स शांबरलँड या त्यांच्या सहकाऱ्याने १८८४ साली चिनी मातीचा असा फिल्टर तयार केला की त्यातून जिवाणू पलीकडे जाईनात. १८९२ साली रशियात दिमित्री इव्हानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस अशाच फिल्टरमधून गाळला, तरी तो रस नव्या झाडांना रोग लावत राहिला. जिवाणूहून लहान असं काहीतरी आहे, याची पहिली खूण ती. विषाणूंचा शोध लागला तो कँडलच्या मर्यादेतून. आजही चांगल्या प्रतीची, भेग नसलेली कँडल जिवाणू बऱ्याच अंशी अडवते, विषाणू अडवत नाही. बाजारातल्या स्वस्त कँडलची छिद्रं कशी असतील याची खात्री नसते. वायसर सैल झाला किंवा घासताना केसाएवढी भेग पडली, तर पाणी गाळलं न जाता सरळ खाली उतरतं. म्हणून आपल्या आया-आज्या पाणी आधी उकळायच्या आणि मग फिल्टरमध्ये ओतायच्या. त्या रीतीत एकच धोका आहे: उकळून निर्जंतुक झालेलं पाणी अस्वच्छ कँडलमधून गेलं तर तिच्यातले जंतू घेऊन खाली येतं. आधी गाळा, मग उकळा, आणि उकळलेल्या भांड्यातच झाकून गार होऊ द्या.

उकळण्याला तोड नाही. जिवाणू, विषाणू, परजीवी, तिन्ही गट त्यात मरतात. वाफ दिसली म्हणजे उकळी आली असं नाही. खदखदून बुडबुडे आल्यावर एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, तरी तेवढी उष्णता या जंतूंना पुरेशी होते. घरात तान्हं बाळ असेल, कुणाची केमोथेरपी चालू असेल किंवा अवयव बदललेला रुग्ण असेल, तर यंत्र कितीही महागाचं असो, त्यांच्यापुरतं पाणी उकळाच.

आता विजेवरची यंत्रं. यूव्ही यंत्रात पाणी एका दिव्याभोवतून जातं. त्या दिव्याचे २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण जंतूंच्या डीएनएची मोडतोड करतात, मग जंतूंना पिलावळ वाढवता येत नाही. जिवाणूंवर हा उपाय उत्तम, विषाणूंवरही चांगला. पण तो काही गाळत नाही. पाणी गढूळ असेल तर चिखलाच्या कणाआडचा जंतू किरणांपासून वाचतो. पाणी जड असेल तर दिव्यावरच्या काचेच्या नळीवर क्षार चढतो आणि किरण बाहेरच पडत नाहीत. शिवाय निळसर उजेड दिसतोय म्हणजे दिवा काम करतोय, असं समजू नये. जंतू मारणारे किरण डोळ्यांना दिसतच नाहीत. दिवा जुना झाला की उजेड तसाच राहतो आणि ताकद उतरते. साधारण आठ-नऊ हजार तासांनी तो बदलावा लागतो. दिवा बंद पडल्यावर पाण्याचा प्रवाह आपोआप थांबवणारं यंत्रच घ्या. दिवा बंद पडल्यावर पाणी आपोआप थांबतं का, हे दुकानात नेमकं याच शब्दांत विचारा.

यूएफ म्हणजे पोकळ धाग्यांची जुडी. त्या धाग्यांच्या भिंतींना ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची छिद्रं असतात. जिवाणू आणि परजीवी त्यातून जात नाहीत, विषाणू मात्र काही प्रमाणात जाऊ शकतात. मोठा फायदा असा की वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही, आणि मेलेले जंतूही गाळून बाजूला राहतात. भारनियमनाच्या गावांत मी डोळे झाकून यूएफची शिफारस करेन.

आणि आरओ. त्याची जाळी इतकी सूक्ष्म की विरघळलेले क्षारसुद्धा अडतात, मग जिवाणू काय चीज. मग पुण्यातल्या त्या जारमध्ये जंतू आले कुठून? प्रत्येक प्रकल्पाचं कारण वेगळं असेल, पण आरओनंतर पाणी पुन्हा दूषित होण्याच्या वाटा ठाऊक आहेत, आणि त्या तुमच्या स्वयंपाकघरातल्या यंत्रातही आहेत. पहिली वाट म्हणजे क्लोरीन जाण्याची. आरओची जाळी क्लोरीनने खराब होते, म्हणून तिच्या आधी कार्बनचा फिल्टर बसवून क्लोरीन काढून टाकतात. नळाच्या पाण्याला टाकीपासून तोटीपर्यंत राखणारा पहारेकरी तिथेच गळतो. मानकाप्रमाणे नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक क्लोरीन तपासायच्या ओटी नावाच्या रसायनाचे थेंब पाण्यात टाकून पिवळा रंग बघतो, तो यासाठीच. क्लोरीन गेलेलं हे पाणी थेंब थेंब गळत टाकीत साठतं आणि तासन्‌तास तिथेच राहतं. टाकीच्या भिंतीवर, तोटीच्या तोंडाशी जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. बराच काळ न बदललेल्या कार्बनमध्येही जिवाणू वस्ती करतात. जारच्या बाबतीत तर न धुतलेला जार, त्यात बुडवलेला हात आणि उघडं झाकण यांची भर पडते.

दुसरी वाट फार कमी लोकांना माहीत आहे. आरओचं पाणी अगदीच बेचव लागतं, म्हणून बहुतेक घरगुती यंत्रांत टीडीएस कंट्रोलर नावाची छोटी झडप असते. ती थोडं मूळ पाणी आरओला वळसा घालून शुद्ध पाण्यात मिसळते. हे वळशाचं पाणी पुढे यूव्ही किंवा यूएफमधून जात असेल तर ठीक. जात नसेल, तर नळातले जिवाणू थेट तुमच्या ग्लासात. मेकॅनिक यंत्र बसवायला आला की त्याच्याकडून ही नळी कुठून कुठे जाते ते दाखवून घ्या.

मग आरओ कधी घ्यायचा? बोअरचं किंवा टँकरचं पाणी खारट असेल, टीडीएस ५०० च्या बराच वर असेल, किंवा यवतमाळच्या काही भागांसारखं पाण्यात फ्लोराइड असेल, तर घ्यायलाच हवा. धरणाचं, शुद्धीकरण केंद्रातून आलेलं नळाचं पाणी असेल तर जंतूंसाठी आरओची गरज नाही. गाळाचा फिल्टर, त्यापुढे यूएफ आणि शेवटी यूव्ही एवढं पुरतं. साध्या आरओत एक लिटर पाणी मिळवताना दोन-तीन लिटर गटारात जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यावर आरओ वापरण्यास मनाई करावी, असं सांगितलं त्यामागचं कारण हेच. मराठवाड्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बाया मैलभर चालतात, त्याच राज्यात आपण चांगलं पाणी वाया घालवावं हे मला पटत नाही.

डब्यावर ‘९९ टक्के जंतू नष्ट’ लिहिलेलं दिसलं की थोडं गणित करा. सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात ठराविक मापात एक लाख जिवाणू असतील, तर ९९ टक्के गेल्यावर हजार उरतात. कॅम्पिलोबॅक्टरसारख्याला आजारी पाडायला काही शेही पुरतात. म्हणून नऊचे आकडे मोजायचे. जागतिक आरोग्य संघटना घरगुती जलशुद्धी साधनांना तारे देते. तीन ताऱ्यांसाठी जिवाणू आणि परजीवी ९९.९९ टक्के आणि विषाणू ९९.९९९ टक्के कमी व्हावे लागतात. आपल्याकडे यूव्ही यंत्रावर आयएस १४७२४ आणि आरओ यंत्रावर आयएस १६२४० या क्रमांकासह आयएसआय चिन्ह आहे का ते बघा.

विषाणूंना वेगळं का मोजायचं, याचा धडा दिल्लीने दिला आहे. १९५५ साली यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोचलं. पाणी खात्याने क्लोरीन वाढवला. त्यामुळे टायफॉइड आणि हगवण वाढली नाही, जिवाणू मेले. पण काही आठवड्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती साथ हेपटायटिस ई ची होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून पुढे सिद्ध झालं. पावसाळ्यात कावीळ पसरल्याची बातमी ऐकू आली, तर नुसत्या यूएफवर किंवा कँडलवर विसंबू नका. यूव्ही हवा, नाहीतर उकळणं.

आपल्या शहरांत पाणी चोवीस तास येत नाही, हेही विसरून चालत नाही. पाणी गेल्यावर नळ रिकामे होतात, आतला दाब उतरतो आणि शेजारच्या फुटक्या गटारातलं पाणी भेगांतून आत ओढलं जातं. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी असलेल्या आणि ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या वस्त्यांची तुलना झाली, तेव्हा दुसऱ्या ठिकाणच्या नमुन्यांत दूषितपणा जास्त आढळला. पाणी आल्याबरोबरचं पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नका, ते फरशीला नाहीतर झाडांना घाला. सोसायटीची जमिनीखालची टाकी वर्षातून दोनदा तरी धुतली जाते का, हे सर्वसाधारण सभेत विचारा. ते विचारायला कुणी लाजू नये.

यंत्राची किंमत एकदाच भरायची असते, पुढचा खर्च मात्र दरवर्षी. वर्षाच्या कार्ट्रिजचा आणि दिव्याचा खर्च आधी विचारा. तो परवडत नसेल तर ते यंत्र तुमच्यासाठी नाही. त्यापेक्षा गाळून उकळलेलं पाणी किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारं मेडिक्लोर हे क्लोरीनचं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालून अर्धा तास ठेवलेलं पाणी जास्त सुरक्षित. गावाहून परत आल्यावर टाकीत साठलेलं पाणी पूर्ण ओतून द्या. माठ आतून घासा, लांब दांड्याचं ओगराळं वापरा, आणि तोटी रोज स्वच्छ पुसा.

आणि काहीही विकत घेण्याआधी पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पाणी किती धोक्याचं आहे त्यानुसार तुमच्या गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं आहे, हे ग्रामपंचायतीत विचारता येतं. एचटूएस व्हायल नावाची छोटी बाटलीही मिळते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ही पद्धत १९८२ साली मांडली. बाटलीत पाणी भरून ठेवायचं. २४ ते ४८ तासांत ते काळं पडलं, तर विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता आहे, असं समजून पाणी उकळून प्यायला लागायचं. प्रयोगशाळेत द्यायचा नमुना मात्र घरच्या बाटलीत नेऊ नका. त्यांच्याकडून निर्जंतुक बाटली मागून घ्या. तिच्यात क्लोरीन निकामी करणारं रसायन आधीच घातलेलं असतं, म्हणून ती विसळायची नाही. फिल्टर असेल तर दोन बाटल्या भरा, एक नळाची आणि एक फिल्टरच्या तोटीची. गार ठेवून त्याच दिवशी, जमल्यास सहा तासांत पोचवा, आणि अहवालात टीडीएसच्या आधी ई. कोलायची ओळ वाचा.